‘इक्विटी’ पाहिला, आता आयपीओचं गणित सांगा

गेल्या अंकात ‘इक्विटी’ या २०१६ सालच्या अमेरिकन चित्रपटाची ओळख छापली होती. तो अंक ज्यांच्या हाती आला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात अशी. नाओमी बिशप (भूमिका ॲना गनची) न्यूयॉर्कच्या एका बँकेत कंपन्यांचे आयपीओ, म्हणजे शेअर पहिल्यांदाच जनतेला विकायचे इश्यू, आणते. आधीचा इश्यू फसलेला, त्यावरून बढती अडलेली. आता तिच्याकडे ‘कॅशे’ नावाची कंपनी आली आहे. समाजमाध्यम चालवणारी, आणि ‘तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित’ हीच जिची जाहिरात. नाओमीच्या हाताखाली एरिन आहे, महत्त्वाकांक्षी आणि गरोदर. तिसरी सॅम, सरकारी वकील, आतल्या गोटातल्या खबरांवर पैसा करणाऱ्यांच्या मागावर. दिग्दर्शन भारतीय वंशाच्या मीरा मेनन यांचं, पटकथा एमी फॉक्स यांची. शेवट तेव्हाही फोडला नव्हता, आताही फोडणार नाही.

पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली. अभिनयाबद्दल दोन-तीनच, बाकी सगळी ‘हे नक्की चाललंय काय?’ अशी. म्हणून या वेळचं सदर त्याच प्रश्नांना दिलं आहे.

प्रश्न : स.न.वि.वि. चित्रपटात ही मंडळी विमानाने गावोगाव फिरतात, त्याच त्याच स्लाइड दाखवतात आणि मग एका रात्री बसून शेअरची किंमत ठरवतात. आपल्याकडे तर किंमतपट्टा पेपरात छापून येतो. मग तिकडे इतकी धावपळ कशाची? – एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

किंमतपट्टा तिकडेही असतो. फरक आहे तो शेअर कुणाला द्यायचे हे कोण ठरवतं यात, आणि नाओमीची सगळी ताकद तिथेच आहे.

आधी क्रम पाहू. कंपनी ‘एस-१’ नावाचा अर्ज अमेरिकेच्या सेक, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनकडे भरते. सेक शंका काढते, कंपनी दुरुस्त्या करते, अशा दोन-चार फेऱ्या होतात. छोट्या कंपन्यांना २०१२ च्या कायद्यापासून आणि २०१७ पासून सगळ्यांनाच हा पत्रव्यवहार गुप्त ठेवता येतो, पण रोड शो, म्हणजे गुंतवणूकदारांना भेटायची फिरती, सुरू होण्याच्या निदान १५ दिवस आधी कागद उघडे करावे लागतात. मग पट्टा जाहीर होतो, समजा १८ ते २० डॉलर, आणि फिरती सुरू होते. न्यूयॉर्क, बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्को वगैरे. आठवडा-दीड आठवडा, दिवसाला सहा-सात बैठका, एकेक अर्ध्यापाऊण तासाची. समोर म्युच्युअल फंडांचे आणि (श्रीमंतांचा पैसा गुंतवणाऱ्या) हेज फंडांचे लोक. त्यांच्या हातात एकच कागद ठेवता येतो, ‘रेड हेरिंग’ प्रॉस्पेक्टस (माहितीपत्रक). पहिल्या पानावर लाल शाईत ‘हे अजून अंतिम नाही’ अशी सूचना असते, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडच्या आरएचपीतला ‘आरएच’ तोच.

बैठका चालू असताना बँकेत एक वही भरत असते. (आता ती संगणकावर असते, पण सगळे ‘बुक’च म्हणतात.) त्यात ओळीगणिक फंडाचं नाव, किती शेअर हवेत आणि कोणत्या भावापर्यंत. काही जण लिहितात ‘कितीही भावाला’, काही ‘१९ च्या वर नको’. मुरलेला बँकर आकड्यांवर जात नाही, नावांवर जातो. ज्याला दोन लाख शेअर हवेत तो दहा लाख मागतो, कारण कापून मिळणार हे त्याला माहीत असतं. त्यामुळे ‘बुक वीस पट भरलं’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. कोण पाच वर्षं धरून ठेवील आणि कोण पहिल्या तासात विकून मोकळा होईल, हे ओळखण्यात खरं कसब.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला बाजार बंद झाला की कंपनीचे संचालक आणि बँकर फोनवर बसतात. सेकने इश्यू त्याच दिवशी ‘परिणामक झाला’, म्हणजे विक्रीला मोकळा, असं जाहीर केलेलं असतं. भाव ठरतो, करारावर सह्या होतात, आणि त्या सहीनिशी बँक सगळे शेअर कंपनीकडून स्वतः विकत घेते. रात्रीत वाटप होतं आणि सकाळी व्यवहार सुरू. हे वाटप बँकेच्या मर्जीचं असतं. कुणाला पन्नास हजार द्यायचे आणि कुणाला शून्य, हे ती ठरवते.

आपल्याकडे ही मर्जी चालते ती मुख्यतः अँकर गुंतवणूकदारांपुरती, म्हणजे इश्यू उघडण्याआधीच शेअर घेणाऱ्या बड्या संस्थांपुरती. बाकीच्या हिश्शांचं प्रमाण बाजार नियामक सेबीने बांधून दिलं आहे. नफ्याची अट पूर्ण करणाऱ्या कंपनीच्या इश्यूत किरकोळ गुंतवणूकदारांना निदान ३५ टक्के, बड्या बिगरसंस्थात्मकांना (मोठी रक्कम लावणाऱ्या व्यक्ती वगैरेंना) निदान १५ टक्के, संस्थांना ५० टक्क्यांपर्यंत. नफ्याची अट न बसणारी कंपनी असेल तर संस्थांना निदान ७५ टक्के आणि किरकोळांना फार तर १०. शिवाय बुक किती भरलं हे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दिवसभर दिसतं. मुंबईतल्या नाओमीकडे हे एवढं हत्यार नसतं.

प्रश्न : कंपनीचा भाव जास्तीत जास्त यावा म्हणून बँकेला पैसे मिळतात ना? मग चित्रपटात बँकच भाव कमी करायला का सांगते? यात कंपनीची फसवणूक नाही का? – एक वाचक, नाशिक

फसवणूक नाही, पण हितसंबंधांची ओढाताण आहेच. ती आकड्यांत मांडली की लगेच दिसते.

धरून चालू की कंपनी १ कोटी शेअर २० डॉलरने विकते आहे. एकूण २० कोटी डॉलर. मध्यम आकाराच्या अमेरिकन इश्यूत बँकांचा गट यातले साधारण ७ टक्के घेतो, म्हणजे १ कोटी ४० लाख डॉलर. परंपरेने त्याचे तीन भाग पडतात. २० टक्के इश्यू सांभाळण्याचे, २० टक्के जोखमीचे, ६० टक्के शेअर खपवण्याचे. इश्यू फार मोठा असेल तर टक्केवारी पार खाली येते. २०१२ साली फेसबुकच्या वेळी ती १.१ टक्के होती.

आता भाव २० ऐवजी २१ ठेवला तर कंपनीला जवळपास १ कोटी डॉलर जास्त मिळतील. बँकेला त्यातले ७ लाख. उलट फंडांच्या खिशातून तेच १ कोटी जास्त जातील. कंपनी आयपीओ आणते आयुष्यात एकदा. फंड दर महिन्याला बँकेच्या दारात असतो. सात लाखांसाठी रोजच्या गिऱ्हाइकाला कोण दुखवील? त्यात पहिल्या दिवशी शेअर २४ वर गेला की सगळे टाळ्या वाजवतात, कंपनीचे ४ कोटी हातचे गेले हे कुणी मोठ्याने बोलत नाही. आणि १७ वर आला की बँकरचं नाव खराब. नाओमीच्या पाठीशी एक फसलेला इश्यू आहे, तेव्हा या वेळी तिचा हात कुठे आखडणार ते उघड आहे.

भाव पडू लागला तर बँकेकडे एक टेकू असतो, ग्रीनशू. बॉस्टनच्या ग्रीन शू मॅन्युफॅक्चरिंग या पादत्राणांच्या कंपनीच्या इश्यूत तो प्रथम वापरला, म्हणून हे नाव. कंपनीने १ कोटी शेअर विकायला काढले असतील तर बँक १ कोटी १५ लाख वाटते. वरचे १५ लाख तिच्याकडे नसतातच, ती उधारीवर विकते. भाव २० च्या खाली गेला की बाजारातून १५ लाख विकत घेऊन उधारी फेडते. तिच्या या खरेदीने घसरण थोपते, वर स्वस्तात घेतल्याचा फायदाही होतो. भाव चढला तर महागात घ्यायची गरज नाही, कारण ३० दिवसांच्या आत तेच १५ लाख कंपनीकडून ठरल्या भावाने घ्यायचा हक्क करारातच असतो. मर्यादा १५ टक्के. विकणारे त्याहून जास्त निघाले की टेकू मोडतो.

फेसबुकचं उदाहरण इथे डोळ्यांसमोर ठेवावं. पट्टा आधी २८ ते ३५ डॉलर होता, मागणी पाहून ३४ ते ३८ केला आणि भाव लावला वरच्या टोकाला, ३८. १८ मे २०१२ रोजी नॅसडॅक या शेअर बाजाराच्या यंत्रणेतल्या बिघाडाने व्यवहारच अर्ध्या तासाने सुरू झाले. दिवसअखेर भाव ३८.२३. म्हणजे टेकूने जेमतेम तोललेला. सप्टेंबरात तो १८ च्याही खाली होता. दरम्यान उघडकीला आलं की रोड शो चालू असतानाच विश्लेषकांनी कमाईचे अंदाज खाली आणले होते आणि ते मोठ्या गुंतवणूकदारांना तोंडी कळले होते, साध्या माणसाला नाही. त्याबद्दल मॅसॅच्युसेट्स राज्याने इश्यू आणणाऱ्या मॉर्गन स्टॅन्ली बँकेला ५० लाख डॉलर दंड केला. ‘इक्विटी’ यावर बेतलाय असं आम्ही म्हणत नाही. पण तो बघताना हे माहीत असलेलं बरं.

आपल्याकडचं प्रसिद्ध पडझडीचं उदाहरण पेटीएमचं. २,१५० रुपयांना दिलेला शेअर १८ नोव्हेंबर २०२१ ला, पहिल्याच दिवशी, सुमारे २७ टक्के खाली बंद झाला.

प्रश्न : कंपनीच्या सुरक्षेत भगदाड आहे अशी कुणकुण नाओमीला लागते. अशा वेळी बँकरने कायद्याने काय करायला हवं? – संगणक अभियंता, पुणे

कुणकुण लागली की ती कागदावर आणायची. तिथपासून ती ‘ऐकीव’ राहत नाही.

अमेरिकेच्या १९३३ च्या सिक्युरिटीज कायद्याचं ११ वं कलम सांगतं की प्रॉस्पेक्टसमध्ये महत्त्वाची गोष्ट खोटी असेल किंवा लपवली असेल तर कंपनीबरोबर इश्यू आणणारी बँकही नुकसानभरपाईला जबाबदार. सुटका एकाच मार्गाने, ‘आम्ही वाजवी चौकशी केली होती’ हे सिद्ध करून. त्या चौकशीला म्हणतात ड्यू डिलिजन्स. त्यात कंपनीच्या वकिलांचं पत्र असतं, लेखापरीक्षकांचं ‘कम्फर्ट लेटर’ असतं, ज्यात प्रॉस्पेक्टसमधल्या एकेका आकड्याला खूण करून तो हिशेबांशी जुळवलेला असतो. भाव ठरण्याच्या दिवशी पुन्हा एक फोन होतो. त्यात व्यवस्थापनाला तेच प्रश्न नव्याने विचारतात, कालपासून काही बदललं का? नवा दावा, नवा राजीनामा, नवी त्रुटी?

‘कॅशे’सारख्या कंपनीत करायला हवं ते असं. बाहेरच्या सुरक्षा तज्ज्ञांकडून यंत्रणा फोडून बघायची चाचणी घ्यायची, आधीच्या चाचण्यांचे अहवाल मागायचे, आणि शंका काढणारा कर्मचारी कामावरून गेला असेल तर तो का गेला हे त्याच्या वरिष्ठाला नव्हे, त्यालाच विचारायचं. दोष खरा निघाला तर दोन वाटा. दुरुस्त होईपर्यंत इश्यू लांबवायचा, नाहीतर जोखमींच्या यादीत तो स्वच्छ शब्दांत लिहायचा. ‘आमच्या यंत्रणेवर हल्ला होऊ शकतो’ हे वाक्य प्रत्येक कंपनी छापते. हल्ला होऊन गेल्यावर किंवा दोष सापडल्यावरही ‘होऊ शकतो’ असंच छापलं, तर ते दिशाभूल करणारं ठरू शकतं.

भारतात मर्चंट बँकरला, म्हणजे इश्यू आणणाऱ्या बँकेला, सेबीकडे ड्यू डिलिजन्सचं प्रमाणपत्रच द्यावं लागतं, ठरावीक नमुन्यात, सहीनिशी. चित्रपटाने हा भाग घाईत उरकलाय असं आमचं मत. खरं नाट्य त्या सहीत आहे आणि कॅमेरा तिथे थांबत नाही.

प्रश्न : नाओमी प्रियकराला काही सांगत नाही, पण दोघं एकाच बँकेत आणि रात्री एकाच घरात. त्याने परस्पर काही शोधलं तर तिचा काय दोष? आपल्याकडे नवरा-बायको दोघंही फायनान्समध्ये असली तर? – एक वाचक, ठाणे

दोष त्याचा. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या ओहेगन खटल्यात तत्त्व घालून दिलं की विश्वासाने हाती आलेली माहिती चोरून तिच्यावर व्यवहार करणं हाच गुन्हा, मग तो माणूस त्या कंपनीचा कुणी नसला तरी. सेकच्या २००० सालच्या नियमात पती-पत्नी, आईवडील, मुलं आणि भावंडं यांच्यात असा विश्वास सर्वसाधारणपणे गृहीत धरला आहे. प्रियकर त्या यादीत नाही. तिथे दोघांत माहिती गुप्त ठेवायची रीत होती का, हे पुराव्याने दाखवावं लागतं. आणि तिने स्वतः सांगितलं असतं तर? १९८३ च्या डर्क्स खटल्यापासून कसोटी अशी की सांगणाऱ्याला त्यातून वैयक्तिक लाभ झाला का. जवळच्या नातलगाला किंवा मित्राला खबर ‘भेट’ देणं हाही लाभच, हे डिसेंबर २०१६ मध्ये सलमान खटल्यात पुन्हा पक्कं झालं. चित्रपट त्याच वर्षीचा.

मराठी वाचकाला यातलं सर्वांत ओळखीचं प्रकरण गोल्डमन सॅक्स बँकेचे तेव्हाचे संचालक रजत गुप्ता यांचं असेल. २३ सप्टेंबर २००८ ला दुपारी गोल्डमन सॅक्सच्या संचालकांची फोनवर बैठक झाली. वॉरन बफे ५०० कोटी डॉलर घालणार, हे तिथे ठरलं. बैठक संपल्यावर मिनिटाच्या आत गुप्तांचा फोन हेज फंड चालवणाऱ्या राज राजरत्नमला गेला आणि चारला बाजार बंद व्हायच्या आत त्याच्या फंडाने गोल्डमनचे शेअर उचलले. त्या दोघांत काय बोलणं झालं याचं ध्वनिमुद्रण कुणाकडे नव्हतं. फोनच्या वेळा, खरेदीच्या वेळा आणि राजरत्नमची इतरांशी टेप झालेली बोलणी, एवढ्यावर २०१२ मध्ये ज्यूरीने गुप्तांना दोषी ठरवलं. दोन वर्षं कैद, ५० लाख डॉलर दंड. राजरत्नमला त्याआधी अकरा वर्षं झाली होती. सॅमची नोकरी म्हणजे हेच. मिनिटं जुळवत बसायचं.

आपल्याकडे सेबीची २०१५ ची नियमावली अधिक कडक आहे. अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती ज्याच्याकडे आहे तो ‘इनसायडर’, मग ती कशीही आलेली असो. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ‘संबंधित व्यक्ती’च्या व्याख्येत एका घरात राहणारी माणसंही आली, लग्न झालेलं असो-नसो. दंड किमान १० लाख, कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त ते. ठाण्याच्या वाचकांना व्यवहारातला सल्ला असा. दोघांनीही आपापल्या कंपनीच्या अनुपालन (कम्प्लायन्स) विभागाला जोडीदाराची नोकरी लेखी कळवावी. जोडीदाराच्या डीमॅटमधला व्यवहारही आधी परवानगी काढूनच करावा. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास उलटेपर्यंत व्यवहाराची खिडकी बंद असते. त्या काळात ‘चुकून’ केलेली शंभर शेअरची विक्रीही नोटिशीला पुरते. आणि कामाचे फोन जेवणाच्या टेबलावर स्पीकरवर घेऊ नयेत. हे वाचताना हसू येईल, पण घरून काम सुरू झाल्यापासून हाच सगळ्यात दुबळा दुवा आहे.

प्रश्न : एरिन व्हाइस प्रेसिडेंट आहे, म्हणजे बँकेची उपाध्यक्षच की! मग गरोदरपण लपवायची वेळ तिच्यावर का यावी? – गृहिणी, कोल्हापूर

ताई, तिथे उपाध्यक्ष पुष्कळ असतात. क्रम असा : ॲनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर. पहिल्या दोन पायऱ्यांवर साधारण पाच-सहा वर्षं जातात, मग व्हीपी. ही मधली पायरी. खालच्यांच्या चुका निस्तरायच्या, वरच्यांच्या गिऱ्हाइकांशी बोलायचं, पण गिऱ्हाईक अजून स्वतःच्या नावावर नाही. लपवाछपवी सुरू होते ती इथेच.

कायद्याने अमेरिकेत १९९३ पासून बारा आठवड्यांची रजा आहे, बिनपगारी, तीही ५० किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी आणि वर्षभर नोकरी झालेल्यांना. न्यूयॉर्क राज्यात भरपगारी नव्हे, पण काही अंशी पगार देणारी कौटुंबिक रजा सुरू झाली २०१८ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर. गरोदरपणावरून भेदभाव करायला १९७८ पासून बंदी. पण एरिनला नोकरी जाण्याची भीती नाहीच. वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा बोनस असतो आणि तो वरिष्ठाच्या मतावर ठरतो. बारा आठवड्यांत गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या फोनची सवय होते. परत आल्यावर नोकरी तीच मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही. त्याला कलम नाही.

भारतात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा झाली, त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक. कागदावर आपण अमेरिकेच्या खूप पुढे आहोत. सगळा खर्च मालकावर टाकल्यामुळे तरुण मुलींना घेतानाच हात मागे घेतला जातो ही तक्रारही तितकीच खरी.

प्रश्न : हे सगळं अमेरिकेतलं. मुंबईत अशा बायका आहेत का? आमची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि हे पाहून तिने हट्टच धरलाय. – आई, रत्नागिरी

आहेत, आणि आजच्या नाहीत. दीना मेहता २००१ मध्ये मुंबई शेअर बाजाराच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. नैना लाल किडवाई आणि कल्पना मोरपारिया यांनी परदेशी बँकांचे भारतातले कारभार चालवले. सेबीच्या पहिल्या महिला अध्यक्ष माधवी पुरी बुच, मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२५. नाओमीशी सर्वांत जवळचं नाव फाल्गुनी नायर यांचं. सिडनहॅम कॉलेज, मग आयआयएम अहमदाबाद, मग कोटकमध्ये जवळपास दोन दशकं, दुसऱ्यांचे इश्यू आणण्यात. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१२ मध्ये, नोकरी सोडून सौंदर्यप्रसाधनं विकणारी ‘नायका’ ही कंपनी काढली. १० नोव्हेंबर २०२१ ला तिची नोंदणी झाली. १,१२५ रुपयांचा शेअर एनएसईवर २,०१८ ला उघडला. इश्यू आणणाऱ्यांत त्यांची जुनी संस्थाही होती. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली माणसं या धंद्यात थोडी.

न्यूयॉर्कमध्ये मात्र सुरुवातच किती अडवणुकीची होती ते पाहा. म्युरिएल सीबर्ट १९६७ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराची जागा विकत घेणारी पहिली स्त्री. जागेची किंमत ४ लाख ४५ हजार डॉलर. शिफारस करायला विचारलेल्या पहिल्या नऊ जणांनी नकार दिला. बाजाराने वर अट घातली, ३ लाख डॉलर कर्ज देऊ असं बँकेचं पत्र आणा. बँका म्हणाल्या, आधी बाजाराने घेतलं पाहिजे. यात महिने गेले. पुढची दहा वर्षं हजारावर सदस्यांत त्या एकट्याच बाई होत्या.

मुलीसाठी : सी.ए. हा मुंबईत अजूनही सर्वांत भक्कम रस्ता. दुसरा, नामांकित संस्थेतून एम.बी.ए. सी.एफ.ए. या तीन पातळ्यांच्या परीक्षेची पहिली पातळी पदवी पूर्ण होण्याआधीही देता येते. सेबीने स्थापलेली एनआयएसएम ही संस्था रसायनीजवळ पाताळगंगेला आहे. तिची मर्चंट बँकिंगची प्रमाणपत्र परीक्षा स्वस्तातली आणि उपयोगी. पण आजपासून करायचं काम फुकटातलं आहे. सेबीच्या संकेतस्थळावर जाऊन एका ओळखीच्या कंपनीचा डीआरएचपी, म्हणजे आरएचपीचा कच्चा मसुदा, उतरवून घ्यायचा आणि नफा-तोटा, ताळेबंद, रोकडप्रवाह ही तिन्ही पत्रकं एक्सेलमध्ये एकमेकांशी जोडून बसवायची. ताळेबंद जुळेना झाला आणि तरी ती रात्री अकराला खुर्चीतून उठली नाही, तर हट्ट खरा समजा.

प्रश्न : कुकीत चॉकलेटचे तुकडे कमी निघाले म्हणून नाओमी हाताखालच्या माणसावर ओरडते. हा प्रसंग कशासाठी? – वाचक, पणजी

कारण बुक, भाव, बढती यांतलं काहीच तिच्या हातात उरलेलं नसतं आणि कुकी असते. आम्हांला तो प्रसंग चित्रपटातला सर्वांत खरा वाटला. काहींना तो बाईला चिडखोर दाखवणारा वाटला, तेही पटण्यासारखं आहे.

प्रश्न : चित्रपट राहू द्या. मी गेल्या वर्षभरात पाच आयपीओंना अर्ज केले, दोन बाद झाले, तीनदा लागला नाही. माझं काय चुकतंय? – शिक्षक, लातूर

गुरुजी, ‘लागला नाही’ आणि ‘बाद झाला’ या दोन वेगळ्या गोष्टी.

लागत नाही कारण किरकोळ हिस्सा भरून वाहिला की प्रत्येकाला एकच लॉट (शेअरचा ठरलेला किमान गठ्ठा), तोही सोडतीने. समजा एक लाख लॉट आहेत आणि आठ लाख अर्ज. आठात एक ही शक्यता एक लॉट मागणाऱ्याची, आणि तेरा लॉट मागून पावणेदोन लाख अडकवणाऱ्याचीही तीच. तेव्हा अशा इश्यूत एकच लॉट मागा. घरातल्या प्रत्येकाच्या वेगळ्या पॅनवर, वेगळ्या डीमॅटमधून आणि ज्याच्या त्याच्या बँक खात्यातून अर्ज केले तरच शक्यता वाढते. आणि भावाच्या रकान्यात ‘कट-ऑफ’वर, म्हणजे ‘ठरेल त्या भावाला’वर, खूण करा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला बोली लावली आणि भाव वरच्या टोकाला ठरला, तर तुम्ही सोडतीतच नसता.

अर्ज बाद होण्याची कारणं ठरलेली. एका पॅनवर दोन अर्ज गेले की दोन्ही बाद, मग एक बँकेतून आणि एक ॲपमधून केला असला तरी. डीमॅट तुमचं आणि यूपीआय मुलाचं, बाद. घरोघरी होणारी चूक हीच. अर्ज केला, पण यूपीआयवर आलेली ‘मँडेट’ची विनंती मंजूरच केली नाही, बाद. ती विनंती इश्यू बंद होण्याच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मंजूर करावी लागते आणि शेवटच्या दिवशी ती तासातासाने उशिरा येते. म्हणून अर्ज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरका. पैसे कापले जात नाहीत, खात्यातच गोठतात. १ डिसेंबर २०२३ पासून सगळ्या इश्यूंना वेळापत्रक बांधलेलं आहे. बंद झाल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी वाटप, दुसऱ्या दिवशी शेअर जमा किंवा पैसे मोकळे, तिसऱ्या दिवशी नोंदणी.

‘ग्रे मार्केट’चा, म्हणजे नोंदणीआधीच्या अनधिकृत सौद्यांचा, भाव पाहून अर्ज करत असाल तर तो कुठल्याही बाजारात नोंदलेला नसतो, फोनवर ठरतो, एवढं ध्यानात ठेवा. त्याऐवजी आरएचपीची चार ठिकाणं चाळा, अर्धा तास लागतो. पहिल्या पानावर नवे शेअर किती आणि जुन्या भागधारकांचे विक्रीला किती, तसंच त्या विकणाऱ्यांना ते सरासरी किती रुपयांना पडले होते. मग ‘ऑब्जेक्ट्स’, म्हणजे पैसा कशासाठी. मग ‘बेसिस फॉर ऑफर प्राइस’मधला प्रतिस्पर्धी कंपन्यांचा तक्ता. शेवटी जोखमींपैकी पहिल्या दहा.

तुमचे जे दोन अर्ज बाद झाले त्यांचं कारण इश्यूच्या रजिस्ट्रारच्या (अर्ज आणि वाटप सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर पॅन टाकला की बहुधा दिसेल. तिथे नावात किंवा पॅनमध्ये तफावत असं लिहिलेलं असेल, तर पुढचा अर्ज करण्याआधी डीमॅटमधलं नाव पॅन कार्डाशी अक्षर अन् अक्षर जुळवून घ्या. नावात वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ.